सत्तरपैकी एकोणसत्तर

३ नोव्हेंबर, सोमवार. भंडारा

अठ्ठावीस वर्षं या वहीत मी रोज एकच ओळ लिहीत आलो. "टपाल निकाली काढले." "पाऊस ११ मि.मी." आज एका ओळीत मावत नाही म्हणून दुसरी लिहितो आहे, आणि लिहिताना कोणी बघत नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं. घरात मी एकटाच असतो.

आमच्या सांख्यिकी कार्यालयानं मला दीड महिन्यासाठी एका सर्वेक्षणावर दिलं आहे. आजवर मी म्हशी मोजल्या, विहिरी मोजल्या, पीक कापणी प्रयोगात धान तोललं. आता लोकांना किती बरं वाटतं ते मोजायचं आहे. आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. समन्वयक संघपाल मेश्राम एकोणतीस वर्षांचा आहे, मला काकाजी म्हणतो. मी त्याला विचारलं, "मेश्राम साहेब, आजारी किती, हे विचारायचं आहे ना?"

"नाही काकाजी. आजारी किती ते आपण दरवर्षी मोजतो. जो आजारी नाही तो मजेत आहे का, हे जिल्ह्यात कोणी विचारलंच नाही. आजार नसणं वेगळं आन् बरं वाटणं वेगळं."

चौदा वाक्यं आहेत. "सकाळी उठलो तेव्हा दिवस चांगला जाईल असं वाटलं." "मन हलकं होतं." "आपण कोणाच्या तरी कामी पडतो असं वाटलं." गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा झालं ते विचारायचं. 'कधीच नाही'ला एक, 'नेहमी'ला पाच. एकूण सत्तर. तीन गावं निवडली: चिखला, एकोडी, सिहोरा. एकोडी माझं स्वतःचं गाव, म्हणून मला ते दिलं नाही. सर्वेक्षकाचे ओळखीचे लोक असले की उत्तरं बिघडतात, असा नियम आहे. नियम मला पटला. मला सिहोरा मिळालं.

हे मोजता येईल याची मला खात्री नाही. म्हैस निदान उभी तरी राहते.

६ नोव्हेंबर, गुरुवार. सिहोरा

गाव मोठं आहे. माझ्याकडे शाळेमागचा मोहल्ला आला, चिठ्ठ्या टाकून काढलेली चाळीस घरं. पहिला अर्ज श्रीमती चंद्रकला तितिरमारे, वय ४६. शाळेत पोषण आहार शिजवतात. पती नऊ वर्षांपूर्वी वारले. मुलगी खुशबू नागपूरला नर्सिंग शिकते.

तुमसरपासून धानाच्या ट्रॅक्टरमागे होतो, सगळा भुसा माझ्या घशात. पहिलं वाक्य वाचायला गेलो आणि ठसका लागला, तो थांबेना. बाईंनी पाणी दिलं, मग गूळ दिला.

"हे कायचं होय, साहेब?"

"चौदा वाक्यं आहेत बाई. सत्तरपैकी मार्क लागतात."

"आन् कमी पडले त?"

"कमी पडले तर वरचे साहेब मले विचारतीन," मी म्हणालो. गमतीनं म्हणालो होतो.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझी कॉलर एका बाजूनं उसवली आहे, तिच्यावर मी हात ठेवला.

"या वयात?"

"वयाचं काय बाई, आदेश आला की जा लागते."

"बापा," त्या म्हणाल्या, पाटावर सरळ बसल्या, आणि चौदाच्या चौदा वाक्यांना 'नेहमी' म्हणाल्या. काही वाक्यं मी पूर्ण वाचायच्या आधीच. सत्तरपैकी सत्तर.

एका बाईला दोन आठवडे सतत बरं वाटतं आहे, नवरा नाही, मुलगी दूर, रोज शंभर पोरांची खिचडी ढवळायची, आणि तरीही. येताना हे आठवून मी गाडीवर एकटाच हसलो. समोरून येणाऱ्या माणसाला वाटलं मी ओळखीचा, त्यानं नमस्कार केला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चौदा घरं झाली. सगळ्यात कमी मार्क सदुसष्ट.

सिहोऱ्याचे लोक कमालीचे प्रेमळ आहेत. आज एका घरी निघताना हातावर दही-साखर ठेवली. दुसऱ्या घरी म्हातारीनं डोक्यावर हात ठेवून "होऊन जाईल बाबू, घोर नोको करू" म्हटलं. सर्वेक्षण वेळेत पूर्ण व्हावं याची लोकांना इतकी काळजी मी कोणत्याही गणनेत पाहिली नाही. पशुगणनेत तर अंगावर कुत्री सोडायचे.

टेकचंद बिसेन, वय ७१, चिखल्याच्या खाणीत होते, आता एकटेच राहतात. पत्नी मागच्या वर्षी वारल्या. "मन हलकं होतं" या वाक्याला थोडं थांबले, मग म्हणाले, "नेहमी लिहा. बिलकुल नेहमी." मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून, "पास होऊन जासान तुमी."

मी म्हटलं, आपल्या आशीर्वादानं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चाळीस घरं पूर्ण. मुदतीच्या चार दिवस आधी. सरासरी एकोणसत्तर.

मी अठ्ठावीस वर्षांत पाहिलेला हा सगळ्यात सुंदर आकडा आहे. जिल्ह्यात एक असा मोहल्ला आहे जिथे सगळे मजेत आहेत, आणि तो मी शोधला. खोलीत येरझाऱ्या घातल्या. एकोडीहून माझी बहीण रुखमिणी हिचा फोन आला. "भाऊ, मांगून शिट्टीचा आवाज कायचा येऊन राहिला?" शिट्टी मीच वाजवत होतो. मला शिट्टी येते हे मलाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी अर्ज तपासताना 'तितिरमारे'चा पहिला ति ऱ्हस्व की दीर्घ अशी शंका आली. अशी चूक राहू देणं बरं नाही. उद्या जाऊन विचारून येतो. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर होतात, पण नोंद ती नोंद.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ऱ्हस्व आहे.

उद्या सिहोऱ्यात दिवाळीनंतरची मंडईची जत्रा आहे असं त्या सहज म्हणाल्या. मीही सहज म्हणालो की लोकजीवनाचं निरीक्षण सर्वेक्षकाला उपयोगी पडतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

मंडईला गर्दी होती. दुपारी चौकात दंडारीचं लोकनाट्य चाललं होतं, पुरुषानं साडी नेसून असा ठुमका दिला की टेकचंदजींनी डोक्यावरची टोपी काढून वर फेकली आणि ती दुसऱ्याच्याच हातात गेली. चंद्रकलाबाई हिरव्या साडीत होत्या. आम्ही उभ्या-उभ्या भजे खाल्ले. मग त्या म्हणाल्या, "पाळण्यात बसता का साहेब?"

मी बावन्न वर्षांचा आहे. आकाशपाळण्यात कधी बसलो नव्हतो. बाबा लवकर गेले, बहिणींची लग्नं करायची होती, मग माझं राहिलं, त्यात पाळणाही राहिला.

वर गेल्यावर शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसलं, त्यापलीकडे कापणी झालेली धानाची शेतं, तळ्याचा एक तुकडा. बाई म्हणाल्या, "माझा रोजचा दिवस त्या छपराखाली जाते. वरून पाहा कसं लहानसं दिसते." पाळणा खाली येताना त्यांनी किंकाळी मारली आणि मग स्वतःच्या किंकाळीवर इतक्या हसल्या की शेवटच्या फेरीला पाळणेवालाही हसत होता.

उतरल्यावर नाडी मोजली. मिनिटाला एकशे चार. उंचीमुळे असं होतं. गुरुवारी रक्तदाब बघून घ्यावा.

२० नोव्हेंबर, गुरुवार. भंडारा

रक्तदाब बघायचा राहिला. कार्यालयात पत्र आलं होतं.

हे सर्वेक्षण ज्यांचं, त्या नागपूरच्या संस्थेच्या संगणकानं माझे अर्ज बाजूला काढले. चिखल्याची सरासरी चव्वेचाळीस, एकोडीची सेहेचाळीस, माझी एकोणसत्तर. "सदर अर्ज सर्वेक्षकाने घरी बसून भरल्याचा संशय आहे. सात दिवसांत खुलासा करावा." खुलासा पटला नाही तर कामावरून काढणार आणि सेवापुस्तकात नोंद.

मी दोनदा वाचलं. कान तापले. २०१२च्या पशुगणनेत एका घरची एक म्हैस चुकून दोनदा लिहिली गेली, तर मी दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस किलोमीटर परत जाऊन ती खोडली होती. तो मी, घरी बसून अर्ज भरीन?

संघपालनं दार लावून घेतलं. "काकाजी, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण चाळीस घरांत एकाचंही डोकं दोन आठवड्यांत एकदाही जड झालं नाही? माझ्या घरी चार माणसं आहेत, आज सकाळच्या चहापर्यंत तिघांचं झालं होतं."

मी पत्राची घडी करून खिशात ठेवली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. सिहोरा

सरळ शाळेच्या स्वयंपाकखोलीत गेलो. पोरं जेवून गेली होती, चंद्रकलाबाई खिचडीचं मोठं भांडं, गंज, घासत होत्या. मी पत्र त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी हात पुसून ते वाचलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे जास्त मार्क पडले म्हणून नापास केलं तुमाले?"

"मले कोण नापास करन?"

"परीक्षा तुमची होती ना, साहेब?"

मग एकेक बाहेर आलं. मी म्हणालो होतो की कमी पडले तर वरचे साहेब विचारतील. उसवलेली कॉलर, खोकला, भुसा. त्यांना वाटलं, या वयात या माणसाची नोकरीची परीक्षा लावली आहे आणि मार्क लोकांच्या हातात आहेत. त्या दिवशी खिचडी वाढताना त्यांनी दोन बायांना सांगितलं, त्या दोघींनी मोहल्ल्याला. "गरीब माणूस आहे, सगळ्यायले 'नेहमी' म्हणा."

"टेकचंदजींनीसुद्धा?"

"ते त ऐकतच नव्हते. म्हणे मी खोटं बोलत नाही. मीच त्यायच्या पाया पडली."

मी चुलीजवळच्या पोत्यावर बसलो. मला रागवायचं होतं. एका मोहल्ल्यानं मिळून माझी सगळी आकडेवारी बुडवली होती. पण दही-साखर आठवली, डोक्यावरचा हात आठवला, "पास होऊन जासान" आठवलं, आणि मला हसू फुटलं. थांबेचना. बाईंना आधी वाटलं मी रडतो आहे, त्यांनी पाणी आणलं, मग त्याही हसायला लागल्या. मुख्याध्यापक डोकावून गेले.

२३ नोव्हेंबर, रविवार. सिहोरा

संघपालला सगळं लेखी दिलं. त्यानं वाचून टेबलावर डोकं ठेवलं, त्याचे खांदे हलत होते. मग नागपूरला फोन केला. चाळीसही अर्ज रद्द, नव्यानं भरायचे, आणि पहिली दहा घरं होईपर्यंत संघपालनं स्वतः सोबत बसायचं. यात गडबड झाली तर माझी नोंद पक्की.

आज शाळेच्या पटांगणात मोहल्ल्याची बैठक घेतली. मी आयुष्यात भाषण केलं नाही. म्हणालो, "तुमी मले पास करायले निघाले होते, त्याबद्दल उपकार मानतो. पण ही परीक्षा माझी नाही. कोणाचीच नाही. जिल्ह्यात लोकायले कसं वाटते हे कोणी कधी विचारलं नाही, आन् पहिल्यांदा विचारलं त तुमी माझ्याकडे पाहून उत्तर दिलं. आता तुमच्याकडे पाहून द्या. कमी पडले तरी चालते. कमी पडले तर निदान माहीत त होईल."

मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग आमचं दही वाया गेलं."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दहा घरं झाली. आता लोक विचार करतात. एका वाक्याला कधी पाच-पाच मिनिटं लागतात. काही जण वाद घालतात. नवरा 'बरेचदा' म्हणतो, आतून बायको 'कधीकधी' ओरडते, तिला सांगावं लागतं की बाई, तुमचा अर्ज नाही.

टेकचंदजी आज वेगळेच होते. "मन हलकं होतं?" म्हटल्यावर म्हणाले, "कधीच नाही. बुढी गेली तवापासून एकदाही नाही. लिहून टाका एक." मी लिहिलं. "आपण कोणाच्या तरी कामी पडतो असं वाटलं?" ते विचारात पडले. "एकदा. तुमाले पास कराले खोटं बोललो तवा." सोबत बसलेल्या संघपालनं मला गुण लिहायची खूण केली. 'क्वचित', दोन गुण.

एकूण एकतीस. निघताना त्यांनी आम्हाला शेंगा दिल्या आणि म्हणाले, "खरं सांगितलं त आज थोडं बरं वाटून राहिलं. पण ते लिहू नोका, त्याचा हिशेब मांगच्या दोन हप्त्यातला आहे म्हणता ना." प्रश्नावली इतकी बारकाईनं ऐकणारा उत्तरदाता मला आजवर भेटला नाही.

२ डिसेंबर, मंगळवार. सिहोरा

एकोणचाळीस झाले. चंद्रकलाबाईंनी स्वतःचा अर्ज शेवटी ठेवायला सांगितलं होतं. आज तो भरला. संघपाल नव्हता, त्याची दहा घरं केव्हाच झाली.

"सकाळी उठल्यावर दिवस चांगला जाईल असं वाटलं?" "कधीकधी." "मन हलकं होतं?" "कधीकधी. खुशबूचा फोन आला का हलकं, ठेवला का जड." "काही नवीन शिकावंसं वाटलं?" त्या लाजल्या. "मोटरसायकल. कोणाले सांगू नोका." 'बरेचदा' लिहिलं.

अकरावं वाक्य: "आपलं म्हणावं असं कोणी जवळ आहे असं वाटलं."

त्यांनी चुलीतली राख काडीनं सारखी केली. मी पेन धरून बसलो. सर्वेक्षकानं घाई करायची नाही, उत्तर सुचवायचं नाही.

"नऊ वर्षं कोणी इचारलं असतं त 'कधीच नाही' म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "आता दोन हप्त्यातलंच सांगायचं ना?"

"दोन हप्त्यातलंच."

"मंग बरेचदा."

कोण, हे विचारायचा रकाना नाही. मी चार लिहिलं. लिहिताना चार नीट उमटला नाही, गिरवावा लागला. एकूण पन्नास. मोहल्ल्याची सरासरी सत्तेचाळीस. खरा आकडा. चिखला आणि एकोडीच्या पंक्तीत बसणारा. मला फार आनंद झाला, सगळा त्या सरासरीचाच असावा.

५ डिसेंबर, शुक्रवार. भंडारा

नागपूरनं अर्ज स्वीकारले. नोटीस मागे. सेवापुस्तक कोरं. शिवाय कळवलं आहे की सिहोऱ्यात "आपण कोणाच्या तरी कामी पडतो" या वाक्याला तिन्ही गावांत सर्वांत जास्त गुण मिळाले, याचं कारण शोधावं. कारण मला माहीत आहे, पण ते तक्त्यात कसं मांडतात ते माहीत नाही.

मग संघपालनं मला आत बोलावलं. त्याच्यासमोर अर्ज क्रमांक एक होता.

"काकाजी, सर्वेक्षकाचा शेरा दोन ओळींत लिहायचा असतो."

"हो."

"एकोणचाळीस अर्जांवर तुम्ही दीड ओळ लिहिली. याला दोन पुरवण्या जोडल्या." त्यानं वाचलं, "'उत्तरदाती हसताना आधी डावा हात तोंडाशी नेतात, मग विसरतात.' हे मानसिक आरोग्यात कुठं बसतं?"

मी म्हणालो, निरीक्षण आहे.

"'मंडईच्या दिवशी हिरवी साडी होती, आज निळी आहे, दोन्ही चांगल्या दिसतात.'"

मी म्हणालो, तेही निरीक्षण आहे.

"काकाजी," तो हळूच म्हणाला, "हे निरीक्षण कोणाचं होय?"

मी खुर्चीत बसून होतो. नाडी मोजायची गरज पडली नाही, कानातच ऐकू येत होती. आणि या वेळी मी खुर्चीवर होतो, जमिनीपासून दीड फूट.

८ डिसेंबर, सोमवार

तीन दिवस विचार केला. रुखमिणीला फोन केला, पण बोललो फक्त धानाच्या चुरण्याबद्दल, म्हणजे मळणीबद्दल. ती म्हणाली, "भाऊ, जे सांगाले फोन केला ते सांग." मी फोन ठेवला. मग पुन्हा लावला आणि सांगितलं.  पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आता तरी नियमाच्या मांगे लपू नोको," ती म्हणाली.

पण नियम आहेच. ओळखीचा माणूस चालत नाही म्हणून मला एकोडी दिलं नव्हतं. अकराव्या वाक्याचं ते उत्तर मी समोर होतो म्हणून आलं असेल, तर तो आकडा माझ्यामुळे बिघडला. नसेल तरी मी निःपक्ष नाही. अर्ज मागे घ्यायला छापील नमुना आहे: सर्वेक्षकानं कारण लिहायचं, उत्तरदात्यानं वाचून सही करायची.

कारणाच्या रकान्यात काय लिहू म्हणून पाच नमुने फाडले. शेवटी लिहिलं: "सर्वेक्षकाच्या मनात उत्तरदातीविषयी वैयक्तिक आपुलकी निर्माण झाली असल्याने त्याची नोंद विश्वसनीय धरता येत नाही. सबब अर्ज क्र. १ गणनेतून वगळावा. गो. ना. कापगते."

हे त्यांना वाचायला द्यायचं आहे. त्यांनी नकार दिला तर अर्ज राहील, आणि मी तोंड दाखवू शकणार नाही. असं असूनही आज दिवसभर मला धावावंसं वाटत होतं. कार्यालयाच्या जिन्यावर दोन पायऱ्या एकदम चढलो. शिपायानं विचारलं, साहेब, आग लागली का.

१० डिसेंबर, बुधवार. सिहोरा

पोरांची जेवणं होईपर्यंत बाहेर थांबलो. मग आत जाऊन कागद दिला. पाठ केलेलं सगळं विसरलो. "सही लागते," एवढंच म्हणालो.

चंद्रकलाबाईंनी हात पदराला पुसले, कागद उजेडात धरला आणि वाचला. एकदा मनात. मग दुसऱ्यांदा, ओठ हलवत. 'आपुलकी'वर त्यांचं बोट थांबलं.

"हे तुमी लिहिलं?"

"नियम आहे बाई. ज्याचं मन गुंतलं त्यानं मोजायचं नसते."

"आन् मी सही केली का माझा अर्ज जाते?"

"जाते. तुमी मोजणीत राहत नाही."

"पेन द्या."

मी दिलं. त्यांनी लगेच सही केली नाही. कारणाच्या रकान्यात वाकून काहीतरी लिहिलं, एक शब्द, जागा कमी होती म्हणून बारीक अक्षरात. मग खाली सही केली, पूर्ण नाव, पहिला ति ऱ्हस्व. कागद माझ्याकडे फिरवला.

माझ्या वाक्याच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं: "उत्तरदातीच्याही."

मी ते तीनदा वाचलं. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या नोंदी वाचतो आहे, तरी खात्री होईना.

"हा कागद ऑफिसात देसान?" त्यांनी विचारलं.

"द्यावाच लागन. पण काळजी नोका करू. गोपनीय असते. भंडाऱ्याच्या बाहेर कोणाले कळणार नाही."

त्यांचा डावा हात तोंडाशी गेला, आणि मग त्या विसरल्या.

"काहून बा," त्या म्हणाल्या. "कळू द्या ना."